उशाशी कोण बसलंय?

हिंदी सिनेमात कॅन्सर होतो तो बहुतेकदा बिनलग्नाच्या माणसाला. ‘आनंद’ (१९७१) आठवून बघा. आनंद सहगलला आतड्याचा लिम्फोसार्कोमा आहे, हातात फार तर काही महिने आहेत, आणि तरी तो मुंबईभर अनोळखी माणसांना हाका मारत, नाती जोडत फिरतो. आपण हसतो, मग रडतो, मग यूट्यूबवर शेवटचा सीन पुन्हा लावून पुन्हा रडतो. पण आनंदला बायको नाही. रात्री अडीचला पोटात गोळा आला तर तो कुणाला उठवतो, त्याच्या चिडचिडीचा धनी कोण होतो, औषधाची वेळ चुकली म्हणून त्याच्यावर कोण वैतागतं, हे प्रश्न त्या सिनेमाला पडतच नाहीत. डॉ. भास्कर त्याच्यावर जीव टाकतो, पण ते मित्राचं प्रेम आहे. आयुष्यभराचं घर, कर्ज, अंथरूण आणि भांडणं त्यात नाहीत.

‘सफर’ (१९७०) मधला अविनाश आपला आजार लपवतो आणि नीलाचं लग्न दुसऱ्याशी होतं. ‘अंखियों के झरोखों से’ (१९७८) मधली मुलगी लग्नाआधीच जाते. ‘दिल बेचारा’ (२०२०) मधली पोरं तर कॉलेजच्या वयाचीच. पन्नास वर्षांत कपडे बदलले, गाणी बदलली, पण आजारी माणूस आणि संसार एका चौकटीत आणायचं आपल्या पडद्याने सहसा टाळलं. मला याचं कारण साधं वाटतं. प्रियकराला फक्त निरोप घ्यायचा असतो. नवऱ्याला किंवा बायकोला उद्या सकाळी पुन्हा चहा करायचा असतो. निरोपाचा सीन लिहिणं सोपं आहे. त्या चहाचा लिहिणं अवघड.

आणि खऱ्या आजारपणात तर सगळं त्या चहातच असतं. रिपोर्ट हातात आल्यावर जोडीदार काय बोलतो, काय बोलत नाही, कुणाला फोन लावतो, आरशासमोर उभं असताना कुठे बघतो, यावर आजारी माणसाचा आतला दिवस ठरतो. डॉक्टर पंधरा दिवसांतून दहा मिनिटं भेटतात. जोडीदार उरलेला सगळा वेळ असतो. म्हणून या लेखात मला काही सिनेमे, मालिका आणि पुस्तकं याच एका प्रश्नाच्या उजेडात बघायची आहेत: उशाशी कोण बसलंय आणि ते माणूस वागतंय कसं? (कथानकं उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना स्पॉयलरचं वावडं आहे त्यांनी जपून.)

राम, सीता आणि धर्मेश

आपल्याकडे हा प्रश्न थेट घेणारा एक जुना सिनेमा आहे, ‘दिल एक मंदिर’ (१९६३). दिग्दर्शक सी. व्ही. श्रीधर. त्यांच्याच ‘नेंजिल ओर आलयम’ (१९६२) या तमिळ सिनेमाचा हा हिंदी अवतार. जवळजवळ सगळी गोष्ट एका हॉस्पिटलात घडते. राम (राज कुमार) कॅन्सरचा पेशंट, सीता (मीना कुमारी) त्याची बायको आणि उपचार करणारा डॉ. धर्मेश (राजेंद्र कुमार) हा सीतेचा जुना प्रियकर. नावंच बघा. राम, सीता आणि ज्याच्या नावातच धर्म आहे असा डॉक्टर. लेखकाने पत्ते पहिल्या डावातच उघडे टाकलेत.

या सिनेमाला जुनाट मेलोड्रामा म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. मी त्याला गंभीरपणे घेते, कारण त्यात एक गोष्ट अचूक पकडली आहे: आजारी नवऱ्याच्या खोलीत बायकोच्या चेहऱ्यावर सतत पहारा असतो. सीतेला दुहेरी काम आहे. नवरा जाईल ही भीती लपवायची आणि ज्याच्या हातात त्याचा जीव आहे त्या माणसाला ती एके काळी ओळखत होती हेही लपवायचं. मीना कुमारी हा ताण मोठ्या संवादांपेक्षा हालचालींतून दाखवते. चेहरा नीट करून मगच खोलीत शिरणारी बायको ज्यांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये पाहिली आहे, त्यांना ती लगेच ओळखू येईल.

पुढे रामला जुन्या नात्याची कल्पना येते आणि तो सीतेला सांगतो की मी गेलो तर तू धर्मेशशी लग्न कर. सिनेमा या वाक्याला त्यागाचा मान देतो. १९६३ सालच्या मानाने विधवेच्या पुनर्विवाहाचं बोलणं धीटच, ते श्रेय द्यायला हवं. पण सीतेच्या जागी बसून ऐका. ती आज, या क्षणी त्याच्याजवळ बसली आहे आणि तो तिच्या उद्याची वाटणी करून मोकळा होतो आहे. तिला काय हवं आहे हे त्याने विचारलेलंच नाही. तिला धक्का बसतो, ती दुखावते, आणि आता ऑपरेशनच्या आधी तिने आपल्या निष्ठेची खात्री त्याला पटवून द्यायची आहे. म्हणजे आजारी तो आणि परीक्षा तिची. अग्निपरीक्षा इथे हॉस्पिटलच्या खाटेपाशी आली आहे, एवढाच फरक.

शेवटी राम वाचतो आणि त्याला वाचवण्यासाठी रात्रंदिवस राबलेला धर्मेश मरतो. कथेतली अडचण मृत्यूने सोडवली. राम-सीता घरी गेल्यावर एकमेकांशी काय बोलले असतील, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग सिनेमा संपल्यावर सुरू होतो. आपल्या आजारपणाच्या गोष्टींची ही जुनी खोड आहे. त्या त्यागापाशी थांबतात, वागण्यापर्यंत येत नाहीत.

सगळे मिळून खोटं

वागण्यापर्यंत आलेला लेखक म्हणजे टॉलस्टॉय. ‘द डेथ ऑफ इव्हान इलिच’ ही त्याची लघुकादंबरी १८८६ सालची. कुठल्याही फोनवर दोन संध्याकाळींत वाचून होते. त्यात आजाराला कॅन्सर म्हटलेलं नाही. डॉक्टर मूत्रपिंड की आंत्रपुच्छ असा वाद घालत राहतात आणि कुशीतलं दुखणं वाढत जातं. पण बरे न होणाऱ्या आजारात घरचं माणूस कसं वागतं, याचं इतकं निर्दय वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

इव्हानची बायको प्रास्कोव्या फ्योदोरोव्हना दुष्ट नाही. ती डॉक्टर बोलावते, औषधांवर लक्ष ठेवते. पण तिने एक भूमिका ठरवून टाकली आहे: आजार हा नवऱ्याच्या बेशिस्तीचा परिणाम आहे. आल्यागेल्याला ती सांगते की हे औषध वेळेवर घेत नाहीत, सांगितलेलं ऐकत नाहीत, भलत्याच अवस्थेत झोपतात. एका संध्याकाळी तो वेदनेने कण्हत असताना घरची मंडळी सारा बर्नहार्टचं नाटक बघायला निघतात, कारण बॉक्स आधीच घेतलेला आहे. निघताना त्याच्या खोलीत डोकावून जातात, नटून. टॉलस्टॉय त्यांच्यावर ओरडत नाही. फक्त तो डोकावण्याचा प्रसंग पूर्ण लांबीने लिहितो.

इव्हानला वेदनेइतकंच छळतं ते खोटं. तो नुसता आजारी आहे, मरत नाहीये, शांत राहून औषध घेतलं की बरा होईल, असं सगळ्यांनी ठरवलंय आणि त्या नाटकात त्यालाही काम करायला लावलंय. एकटा गेरासिम, घरातला तरुण नोकर, खोटं बोलत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यावर घेऊन रात्र रात्र बसतो, कारण त्याने मालकाला बरं वाटतं. मरण सगळ्यांनाच आहे, मग थोडे कष्ट घेतले तर काय बिघडलं, असा त्याचा साधा हिशोब. इव्हानच्या मनाला उतारा मिळतो तो तेवढाच.

टॉलस्टॉयने जे गोष्टीत मांडलं त्याला समाजशास्त्राने ऐंशीएक वर्षांनी नाव दिलं. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्राउस या दोघांनी अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमध्ये मरणाऱ्या माणसांभोवतीचं बोलणं टिपून १९६५ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात एका अवस्थेला त्यांनी परस्परांचं सोंग म्हटलं. पेशंटला ठाऊक असतं, घरच्यांना ठाऊक असतं, समोरच्याला ठाऊक आहे हेही दोघांना ठाऊक असतं, आणि तरी दोघं पुढच्या वर्षीच्या सहलीबद्दल बोलत बसतात.

हे सोंग मी जवळून पाहिलं आहे. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता. किमोच्या काही दिवशी मी सोबत जायचे. काकांनी फाइल अशी लावली होती की डॉक्टरही कौतुक करायचे. तारखेनुसार प्लास्टिकचे कप्पे, रक्ताचे आकडे पेन्सिलीने अधोरेखित, गव्हांकुराच्या रसाच्या वेळा वेगळ्या कागदावर. नर्सने मावशीला विचारलं, “काय मावशी, कसं वाटतंय?” की उत्तर काकांकडून यायचं, “एकदम छान! काल दोन पोळ्या खाल्ल्या.” मावशी सलाइनच्या थेंबांकडे बघत राहायची. एकदा काका बिल भरायला खाली गेले तेव्हा ती म्हणाली, “तुला म्हणून सांगते, मला एकदा पोटभर रडायचंय गं. पण ह्यांच्यासमोर रडले की ह्यांचं बीपी वाढतं.” त्याच दिवशी पार्किंगमध्ये काका मला म्हणाले, “तिच्यापुढे तोंड पाडून चालत नाही.”

दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्या प्रेमाने दोघांना आपापल्या खोलीत कोंडून घातलं होतं. आणि त्यात जास्त काम कुणाला पडलं ते बघा. मावशीला उलट्या, तोंडातले फोड, गळणारे केस हे सगळं सोसायचं होतं आणि वर काकांचं बीपीही सांभाळायचं होतं.

मारियेट हागेडोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये कॅन्सर झालेल्या जोडप्यांचा अभ्यास करताना जोडीदाराच्या वागण्याचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. पहिला, विचारणं आणि मिळून मार्ग काढणं. दुसरा, काळजीपोटी आपली भीती लपवणं. तिसरा, अतिकाळजी, म्हणजे पेशंटला काहीच जमणार नाही असं धरून सगळं आपणच करणं. बाहेरून तिन्ही सेवाच दिसतात. आतून पहिलीत पेशंट माणूस राहतो, दुसरीत तो प्रेक्षक होतो आणि तिसरीत मूल. शॅरन मॅन यांच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या कामात याचाच पुढचा दुवा सापडतो. जोडीदार टीका करणारा किंवा विषय टाळणारा असेल, तर बाई स्वतःही आपल्या आजाराचा विचार टाळू लागते आणि त्यातून तिचा मानसिक त्रास वाढतो. भीती बोलून दाखवली की तिला आकार येतो, बोलायला जागाच नसेल तर ती घरभर पसरते, असं मी त्याचं भाषांतर करीन.

स्कायलरची उशी

आता तुमच्या ओळखीच्या मालिकेकडे येऊ. ‘ब्रेकिंग बॅड’ (२००८ ते २०१३) आपण ड्रग्जची गोष्ट म्हणून बघतो. पण तिची पहिली ठिणगी फुप्फुसाच्या कॅन्सरची आहे आणि वॉल्टर व्हाइट ती बातमी बायकोपासून लपवतो. गरोदर बायको, वाढत्या वयाचा मुलगा, बँकेत खडखडाट, आणि हा माणूस रोज काही न झाल्यासारखा घरी येतो.

पहिल्या सीझनच्या पाचव्या भागात स्कायलर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवते आणि एक उशी हातात घेते. उशी ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे ऐकणार. वॉल्टरने उपचार घ्यावेत असं तिला वाटतं. मुलगा चिडून बोलतो. मेहुणी मरी अनपेक्षितपणे म्हणते की त्याला नको असतील तर तो त्याचा निर्णय आहे. आणि मग उशी वॉल्टरकडे येते. तो शांतपणे सांगतो की आयुष्यात खरी निवड आपल्या वाट्याला कधी आलीच नाही, निदान ही तरी माझी राहू द्या. उपचारांनी आणलेलं लुळंपांगळं जगणं आणि त्यानंतर घरच्यांच्या मनात राहणारी तेवढीच आठवण त्याला नको आहे.

मी आजारपणावरचे जे सीन पाहिले आहेत त्यात हा मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कुणीच चूक नाही. स्कायलर विषय टाळत नाही, खोटं हसत नाही, आकाशातल्या बापावर सोडत नाही. ती विचारते. पण विचारण्याची तिची पद्धत अशी आहे की उत्तर आधीच ठरलेलं आहे. प्रेमाने बोलावलेली सभाही सभाच असते आणि आरोपीच्या खुर्चीत पेशंट असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉल्टर अंथरुणात बायकोची रिकामी उशी हुंगतो, उठतो आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगतो की मी उपचार घेईन. सभेत दहा मिनिटं बोलून जे झालं नाही ते त्या वासाने झालं. लेखकांनी दोन्ही ठिकाणी उशीच ठेवली आहे, हे मला फार आवडतं.

पण या मालिकेविषयी खरं बोलायचं तर प्रेक्षकांविषयी बोलावं लागेल. वॉल्टर खोटं बोलतो, माणसं मारतो, घर उद्ध्वस्त करतो आणि इंटरनेटने द्वेष केला तो स्कायलरचा. ती कटकट करते, संशय घेते, नवऱ्याच्या आड येते म्हणून. प्रकरण इतकं वाढलं की स्कायलरचं काम करणाऱ्या अ‍ॅना गनने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या द्वेषावर लेख लिहिला. आजारी नवऱ्याच्या बायकोकडून आपल्याला काय हवं असतं ते त्या द्वेषात लख्ख दिसतं. तिने रात्रभर जागावं, बिलांची चिंता करावी, पण प्रश्न विचारू नयेत. सीतेने विचारले नाहीत म्हणून ती देवी. स्कायलरने विचारले म्हणून ती खलनायिका. पन्नास वर्षं आणि दोन खंडांचं अंतर, पण प्रेक्षक तोच.

बाई आजारी पडली की

इथवर आलेल्या सगळ्या गोष्टींत आजारी नवरा आहे आणि सेवेला बायको. उलटं करून बघितलं की गोष्टी एकदम कमी होतात. एरिक सीगलची ‘लव्ह स्टोरी’ (१९७०) प्रसिद्ध आहे. आजारी आहे जेनी, पण डॉक्टर आधी बोलतात ते नवऱ्याशी. तो घरी येऊन काही न झाल्यासारखं वागण्याची धडपड करतो. तिच्या शरीरातली बातमी तिच्याआधी त्याला मिळते. तेव्हाच्या वाचकांना त्यात प्रेम दिसलं. आज वाचताना मला त्यात आधी हक्काचा प्रश्न दिसतो. आणि परदेशातली पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सुटका नाही. आपल्याकडे अजून किती केबिनमध्ये “तुम्ही जरा बाहेर बसता का?” हे वाक्य पेशंटलाच उद्देशून येतं, ते तुमच्या घरात विचारून बघा.

आकडे काय सांगतात? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत मायकेल ग्लांट्झ आणि सहकाऱ्यांनी गंभीर आजाराच्या ५१५ विवाहित पेशंटांचा पाठपुरावा केला. त्यात मेंदूतले ट्यूमर, इतर कॅन्सर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस असे तीन गट होते. एकूण ११.६ टक्के जोडपी विभक्त झाली. पण पेशंट बाई असेल तर हे प्रमाण २०.८ टक्के आणि पेशंट पुरुष असेल तर २.९ टक्के. मेंदूच्या ट्यूमरचे जे पेशंट एकटे पडले, त्यांच्यात हॉस्पिटलात भरती होण्याचं प्रमाण जास्त होतं आणि रेडिएशन पूर्ण करण्याचं कमी. म्हणजे जोडीदाराचं जाणं मनाला लागतं तसं ते उपचारांच्या कागदावरही उमटतं.

हे आकडे रीलमध्ये टाकून “सगळे पुरुष असेच” असं म्हणण्याआधी थांबायला हवं. पेशंट मोजकेच होते आणि ते काही ठरावीक केंद्रांमधले. नॉर्वेत देशपातळीवरच्या नोंदींवर आधारलेल्या, कितीतरी मोठ्या अभ्यासात कॅन्सरमुळे घटस्फोट सरसकट वाढतात असं दिसलं नाही. गर्भाशयमुखाचा आणि वृषणाचा कॅन्सर हे तिथले ठळक अपवाद. दोन्ही अपवाद शरीरसंबंधाशी जोडलेल्या अवयवांचे आणि तुलनेने तरुण जोडप्यांतले, हे मला बोलकं वाटतं. आजाराने जोडप्यातलं नेमकं काय दुखावतं त्याची खूण तिथे आहे.

आपल्याकडे घटस्फोटाचे आकडे मोजून फारसं काही कळणारही नाही. इथे सोडून जाण्याच्या रीती कागदावर येत नाहीत. “बरी झालीस की ये” म्हणत माहेरी पोचवणं. अंथरूण दुसऱ्या खोलीत घालणं. शस्त्रक्रियेनंतर पट्टी बदलताना खोलीबाहेर जाणं आणि पुन्हा कधीच तिकडे न बघणं. कायद्याच्या लेखी तो संसार अखंड असतो. त्या बाईच्या मनाची मोजणी कुठल्या तक्त्यात होणार? हे काम खरं तर कथा-कादंबऱ्यांचं होतं. ते आपल्याकडे फार कमी झालं.

आणखी एक वागणं आहे, जे सोडून जाण्याइतकं दिसत नाही पण रोज टोचतं. “तू सगळं मनात ठेवतेस ना, म्हणून झालं.” किंवा त्याचं गोड रूप, “पॉझिटिव्ह राहा, मग बघ कसा पळतो.” सुझन सॉन्टॅगने १९७८ मध्ये ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या छोट्या पुस्तकात याच समजुतीवर हल्ला चढवला. दाबून ठेवलेल्या भावनांतून कॅन्सर होतो, हे म्हणणं पेशंटलाच गुन्हेगार ठरवतं, असं तिचं सांगणं. तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता, पण पुस्तकात तिने स्वतःबद्दल एक शब्द लिहिला नाही. तो कोरडेपणा मला त्या पुस्तकाचं बळ वाटतो. प्रास्कोव्या नवऱ्याला सांगत होती की तू औषध वेळेवर घेत नाहीस. आजचा जोडीदार सांगतो की तू विचार वेळेवर घेत नाहीस. दोन्हींत उशाशी बसलेल्या माणसाची स्वतःची भीती आहे. दोष आजारी माणसाचा ठरला की जगात काहीतरी नियम आहे असं वाटतं आणि आपण सुरक्षित आहोत असंही.

फोनमधला सर्च

मग नीट लिहिलेलं काही नाहीच का? आहे. पॉल कलानिधी या न्यूरोसर्जनचं ‘व्हेन ब्रेथ बिकम्स एअर’ (२०१६) तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. मृत्यूवरचं चिंतन म्हणून त्याची वाक्यं इन्स्टाग्रामवर फिरतात. मी ते लग्नावरचं पुस्तक म्हणून वाचते.

वजन घटतंय, पाठ दुखतेय, आणि छत्तिशीतला हा डॉक्टर मनात कॅन्सरचा संशय धरून बसला आहे. बायकोला, ल्यूसीला, तो काही सांगत नाही. तीही डॉक्टरच. तिला कळतं ते त्याच्या फोनमधल्या सर्चवरून. तिशी-चाळिशीतल्या माणसांना कॅन्सर होण्याचं प्रमाण किती, असं त्याने शोधलेलं असतं. तिला राग येतो तो त्याने एकट्याने भ्यायचं ठरवल्याचा. लग्न तेव्हाच डगमगलेलं असतं आणि ती काही दिवस वेगळं राहायचं म्हणते. ही पानं पॉलने वगळली असती तर कुणाला कळलं नसतं. त्याने ती ठेवली, म्हणून पुढचं सगळं खरं वाटतं.

निदान झाल्यावर ल्यूसी परत येते, आणि ते एकटं प्रेमाच्या उमाळ्यावर सोडत नाहीत. दोघं समुपदेशकाकडे जातात. मूल होऊ द्यायचं का यावर बोलतात. मुलाचा निरोप घ्यावा लागला तर तुझं मरण जास्त अवघड होणार नाही का, असं ल्यूसी त्याला सरळ विचारते. या एका प्रश्नासाठी मी ते पुस्तक कुणालाही देईन. ‘दिल एक मंदिर’मधला राम बायकोच्या भविष्याचा निर्णय ऐकवतो. स्कायलर नवऱ्याच्या भविष्याचा निर्णय ठरवून सभा घेते. ल्यूसी मरणाचा शब्द दोघांच्या मध्ये ठेवते आणि उत्तराची वाट बघते. मुलगी जुलै २०१४ मध्ये होते. पॉल मार्च २०१५ मध्ये जातो. शेवटचं प्रकरण ल्यूसीने लिहिलं आहे.

अर्थात या पुस्तकालाही मर्यादा आहे. दोघं डॉक्टर, हाताशी उत्तम हॉस्पिटल, बोलायला शब्द आणि वेळ. परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपासच्या फुटपाथवर दूर गावाहून आलेली जी जोडपी राहतात, त्यांना मोकळेपणाने बोलायला चार भिंतीही नसतात. त्यांच्या नात्यात पैसा, परतीचं तिकीट, गावाकडे ठेवलेली पोरं यांचाही आवाज असतो. त्यांच्या उशाशी बसून लिहिलेली गोष्ट मराठीत यायला हवी. मराठीला हा विषय अगदीच परका आहे असंही नाही. अनिल अवचटांनी बायकोच्या, मुक्तांगण उभं करणाऱ्या डॉ. अनिता अवचटांच्या, कॅन्सरबद्दल आणि १९९७ मधल्या जाण्याबद्दल उघडपणे लिहिलं. नवऱ्याने बायकोच्या आजारपणाविषयी इतकं मोकळं लिहिणं आपल्याकडे तेव्हाही दुर्मीळ होतं, आताही आहे.

मला पुढच्या लेखकांकडून, दिग्दर्शकांकडून शेवटचा श्वास नको आहे. तो पुष्कळ पाहून झाला. मला मधला कुठलातरी मंगळवार हवा आहे. चौथी किमो होऊन तीन दिवस झालेत. तिला वरणाचा वास सहन होत नाही. त्याने कामावरून येताना काहीतरी आणलं आहे आणि ते तिला नको आहे. तो चिडतो, गप्प होतो, मग पलंगाच्या कडेला बसून विचारतो, “तुला आज कशाची भीती वाटतेय?” ती सांगते. तो मध्ये बोलत नाही, “असं बोलू नकोस” म्हणत नाही. ऐकून झाल्यावर आपली भीतीही सांगतो. आजारात त्याने फरक पडेल की नाही कोण जाणे. त्या रात्री तिला झोप मात्र लागेल.